पाकिटावरचा श्री

सुनेत्रा बेलसरे यांनी सदतीस वर्षं दिल्लीच्या टेलिफोन खात्यात काढली. आधी तीन-तीन मिनिटांचे ट्रंक कॉल जोडणारी ऑपरेटर, मग तक्रार विभागाची सुपरवायझर. सांगलीहून लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हतं. ते त्या कानाला हेडफोन लावून शिकल्या, त्यामुळे आजही त्यांचं कुठलंही हिंदी संभाषण तीन मिनिटांच्या आत संपतं. भाजीवाला, रिक्षावाला, गॅसवाला, सगळे तीन मिनिटांत निकालात निघतात. त्यांचे यजमान श्यामराव सांगतात, की लग्नानंतरची पहिली दहा वर्षं घरात भांडण पेटलं की तिसऱ्या मिनिटाला बाई विचारायच्या, "बात हो गई?" आणि भांडण कट व्हायचं.

निवृत्तीनंतर बाई मयूर विहारच्या यमुनातीर महाराष्ट्र समाजाच्या चिटणीस झाल्या. समाजाचे सभासद चारशे बारा. मालकीचा एक हॉल, नाटकाचे विग, दोन तबले आणि गणपतीचं मखर ठेवायची एक खोली, आणि समाजाचं खरं भूषण म्हणजे मुनिरक्यातलं मुलींचं वसतिगृह. औसा, अचलपूर, मंगळवेढा अशा गावांहून मुली दिल्लीच्या विद्यापीठांत शिकायला येतात. मुनिरक्यात भाड्याची खोली म्हणजे खिडकीऐवजी शेजारच्या इमारतीची भिंत. वसतिगृहात मात्र खिडकी आहे, वरण-भात आहे आणि रात्री दहाला दार लावणारी मावशी आहे. दर वर्षी अठरा जागा भरतात, अर्ज दोनशेच्या वर येतात.

गेल्या वर्षी त्यातली एक जागा चुकीची भरली. उदगीरच्या अनुष्का नावाच्या मुलीला प्रवेशाचं पत्र ईमेलनं पाठवलं होतं. मुदतीत तिचा होकार आला नाही. अध्यक्षांनी नियमावर बोट ठेवून जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला दिली. ऑगस्टमध्ये अनुष्काचं मेल आलं. पत्र तिच्या स्पॅममध्ये पडलं होतं, लॉटरी लागल्याच्या आणि वजन उतरवण्याच्या पत्रांच्या मध्ये. तिनं फक्त एवढंच विचारलं होतं, "काकू, माझं काही चुकलं का?"

ते वाचल्यावर सुनेत्राबाई दोन दिवस जेवल्या नाहीत असं कोणी सांगेल तर विश्वास ठेवू नका, त्या जेवल्या. पण दोन्ही दिवस त्यांनी श्यामरावांना 'बात हो गई?' विचारलं नाही, आणि श्यामराव फार घाबरले. सदतीस वर्षांत ज्या बाईनं एक कॉल हरवू दिला नव्हता, तिच्या सहीचं पत्र हरवलं होतं. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, "यंदा अठराच्या अठरा पत्रं पोचली नाहीत तर चिटणीसपद दुसऱ्या कोणाला तरी द्या. मला नको."

आमच्या कार्यकारिणीत संगणक कळणारा माणूस एकच, पुष्कर. हा मूळ पुण्याचा. गुरुग्रामला एकोणिसाव्या मजल्यावर बसून युरोपातल्या कुठल्याशा बँकेचं क्लाउड सांभाळतो. घरचं विजेचं बिल मात्र बायको भरते, कारण त्याला ॲपचा पासवर्ड आठवत नाही.

"काकू, सिंपल आहे," पुष्कर म्हणाला. "आपण पत्रं तुमच्या पर्सनल अकाउंटवरून पाठवतो, तेच चूक आहे. एखादी रेडीमेड मेल सर्व्हिस घेऊ. दोन तासांत सेटअप. बिल्कुल टेन्शन नाही."

"आणि संस्थेची पत्रं राहणार कुठं?" अध्यक्ष दिनकरराव टेंबे यांनी विचारलं. दिनकरराव एक्याऐंशी वर्षांचे, केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. ते पाणी पितानाही आधी ग्लासाची नोंद तपासतात असा आमचा संशय आहे.

"क्लाउडमध्ये, काका."

"ते कुठं आहे?"

"म्हणजे... कुठंही असू शकतं. सिंगापूर, आयर्लंड..."

दिनकररावांनी संस्थेची घटना उघडली. ती त्यांच्या पिशवीत चष्म्याच्या आधी असते. "कलम सतरा. संस्थेचा समग्र पत्रव्यवहार संस्थेच्या वास्तूतच जतन करण्यात येईल. तो कोणत्याही कारणास्तव यमुनेपलीकडे नेण्यात येऊ नये." हे कलम १९८६ सालचं. पहिल्या चिटणिसांनी रुसून सगळ्या फायली करोल बागेतल्या आपल्या घरी नेल्या होत्या, तेव्हा घाईघाईनं केलेलं. दिनकररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आयर्लंड यमुनेपलीकडे येतं का?"

पुष्करनं क्षणभर विचार केला. "टेक्निकली, हो."

कलम बदलायला दोनतृतीयांश सभासद एकत्र यावे लागतात, आणि आमचे दोनतृतीयांश सभासद फक्त गणपतीच्या जेवणाला एकत्र येतात. त्या वेळी कोणी कलम काढलं तर मसालेभात थंड होतो.

"मग आपलीच एक्स्चेंज बसवू," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"काकू, आजच्या काळात स्वतःचा मेल सर्व्हर कोणी ठेवत नाही, यार!" पुष्कर कळवळून म्हणाला. "आमच्या कंपनीत बाराशे इंजिनियर आहेत. एकालाही येणार नाही."

"तुझ्या कंपनीत एक्स्चेंज पाहिलेलं कोणी आहे का?"

"नाही."

"मग त्यांना कसं येईल?"

मार्चमध्ये मखराच्या खोलीत एक जुना पण दणकट संगणक बसला. डाव्या बाजूला तबले, उजव्या बाजूला विग. बाईंनी मेल सर्व्हरचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि त्याची माहितीपुस्तिका छापून, पंच करून, फायलीला लावली. साडेतीनशे पानं. पुष्कर म्हणाला की हे कोणी छापत नाही. बाई म्हणाल्या, म्हणूनच कोणाला येत नाही. एप्रिलअखेर त्यांनी ती पुस्तिका संपवली. समासात पेन्सिलीनं खुणा होत्या आणि तीन ठिकाणी 'चूक' असं लिहिलेलं होतं. त्यातल्या दोन खरंच चुका होत्या, हे पुष्करनं नंतर कबूल केलं.

बाईंना सगळं समजायचं ते टेलिफोनच्या भाषेत. आपल्या नावानं कोणत्या यंत्रानं पत्र पाठवायचं याची जगजाहीर यादी लावावी लागते, ती झाली अधिकृत लाइनींची यादी. प्रत्येक पत्रावर सर्व्हर गुप्त शिक्का उठवतो, म्हणजे वाटेत कोणी पत्र उघडलं तर कळतं. तो झाला लाखेचा शिक्का. आणि समोरचा सर्व्हर पत्र घेण्याआधी इंटरनेटवरच्या आपल्या नंबरावरून आपलं नाव उलटं शोधतो.

"हे तर आमच्याकडे होतं!" बाई ओरडल्याच. "नंबरावरून नाव शोधायचं रजिस्टर. कपाटात कुलूप लावून ठेवायचो. पोलिस यायचे मागायला!"

पण हे उलटं नाव इंटरनेट देणाऱ्या कंपनीनं लावून द्यायचं असतं. त्यासाठी बाईंनी हॉलचं कनेक्शन बदलून कायमच्या नंबराचं घेतलं आणि मग कंपनीला फोन लावला. स्पीकरवर. आम्ही चौघं ऐकत होतो.

"नमस्कार, मैं गौरव, बताइए मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?"

"गौरव बेटा, मुझे अपने नंबर का उल्टा नाम चाहिए."

"मैडम... उल्टा नाम मतलब?"

"रिव्हर्स. कोई नंबर पूछे तो सामने से हमारा नाम बोले. तुम्हारे यहाँ बोल रहा है 'ग्राहक तीन सौ आठ'. हम ग्राहक तीन सौ आठ नहीं हैं, हम यमुनातीर हैं."

"मैडम, मैं आपको एक मिनट होल्ड पर..."

"होल्ड नहीं. होल्ड पे मैंने सैंतीस साल लोगों को रखा है. मुझे पता है तुम उधर क्या करोगे. सीनियर को दो."

चार दिवस लागले आणि पाच सीनियर. पाचवे सीनियर तर पूर्वी बाईंच्याच हाताखाली लागलेल्या एका ऑपरेटरचे जावई निघाले. उलटं नाव त्याच दुपारी लागलं.

मग चाचणी. जगात अशी ठिकाणं आहेत जिथं पत्र पाठवलं की ती तुमच्या सर्व्हरला दहापैकी गुण देतात. बाईंच्या पहिल्या पत्राला चार मिळाले. बाईंनी तो आकडा कोणाला सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी साडेसात. जूनच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत कूलर विगांकडे तोंड करून ठेवलेला असताना, दहापैकी दहा. बाईंनी सगळ्यांना कलाकंद वाटला. पुष्करनं त्या आकड्याचा फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला, आणि बाराशे इंजिनियरांपैकी एकानं विचारलं, "ये मैडम हमारे यहाँ जॉइन करेंगी क्या?"

अठरा जूनला अठरा पत्रं गेली. होकाराची मुदत सत्तावीस जून, संध्याकाळी पाच. तेवीस तारखेपर्यंत किती होकार आले? दोन.

सुनेत्राबाईंनी अचलपूरच्या मयुराला फोन लावला.

"काकू, मेल तर नाही आलं अजून," मयुरा म्हणाली. "एक मिनिट थांबा हं... अच्छा! स्पॅममध्ये आहे! 'आपने जीता है आईफोन'च्या खाली."

उरलेल्या पंधरांपैकी नऊ जणींचे फोन लागले. सगळ्यांची पत्रं स्पॅममध्ये. सहा जणींचे नंबर बंद होते. परीक्षा संपल्या होत्या, कोणी गावी, कोणी नवं सिम घेतलेलं. त्या सहा जणींपर्यंत पोचायचा रस्ता एकच होता, तो म्हणजे हा मखराच्या खोलीतला सर्व्हर. आणि त्याची पत्रं, दहापैकी दहा गुणांसकट, कचऱ्यात पडत होती.

"काकू, मी सांगू का," पुष्कर फोनवर हळूच म्हणाला, "नवा सर्व्हर आहे, कोणी ओळखत नाही त्याला. आता चार दिवसांत काही होणार नाही. यंदा दिनकर काकांना सांगून मुदत वाढवून घेऊ."

"ते नियम वाढवतील का?"

"नाही."

"मग मला काम करू दे."

एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधायची एक शिस्त असते. एका वेळी एकच वायर हलवायची. बाईंनी कागद घेतला, रकाने आखले आणि ओळखीच्या बारा जणांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक पत्रात एकच गोष्ट वेगळी. एकात जोडपत्र आहे, एकात नाही. एक मराठीत, एक इंग्रजीत. एक अध्यक्षांच्या खात्यावरून, एक स्वतःच्या. तबल्याशेजारी बसलेले श्यामराव कोणाचं पत्र कुठं पडलं ते फोनवरून विचारून लिहून घेत होते.

दुपारी पानिपतहून बाईंच्या नणंदेचा, अरुणाचा फोन आला. "वहिनी, पत्र मिळालं. पण तुमच्या संस्थेचं मला वर्षभर एकच पत्र येतंय बघ."

"एकच कसं? हळदीकुंकू, कोजागिरी, वार्षिक सभा, सगळं पाठवलंय मी."

"अगं, एकच दिसतं. वर लिहिलेलं असतं 'श्री'. उघडलं की आत चाळीस निघतात. मला वाटलं, तुमचं काही व्रत वगैरे असेल."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. रकान्यांत पाहिलं. मग फोन खाली ठेवून त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या, की विगांवरची धूळ उडाली.

दिनकरराव संस्थेचं प्रत्येक अधिकृत पत्र स्वतः टाइप करतात, बाई फक्त पाठवायचं बटण दाबतात. कागदाच्या माथ्यावर पहिल्या ओळीत '॥ श्री ॥', मग दिनांक, मग 'विषय', मग मजकूर. मेल उघडल्यावर त्यांना वरती एक रिकामी चौकट दिसायची, तिथं ते श्री घालायचे. ती चौकट विषयाची आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांचा विषय एकच, म्हणून अरुणाकडे सगळी पत्रं एकाच्याच पोटात जाऊन बसत होती. 'विषय : वसतिगृह प्रवेश' ते खाली, मजकुरात, नीट अधोरेखित करून लिहायचे. म्हणजे अनोळखी सर्व्हरवरून, एकाच वेळी अठरा जणींना, जोडपत्रासकट, दोन दांड्या-श्री-दोन दांड्या एवढ्याच विषयाचं पत्र. जगातल्या कुठल्याही पहारेकऱ्यानं हा पाहुणा आत सोडला नसता. चाचणीची पत्रं बाईंनी स्वतः लिहिली होती, 'चाचणी क्रमांक एक' अशा सरळ विषयाची, म्हणून ती दहापैकी दहा घेऊन आत गेली.

चोवीस तारखेला सकाळीच दिनकररावांना हॉलवर बोलावलं. बाईंनी रकान्यांचा कागद पुढे ठेवला.

"श्रीमुळे पत्र कचऱ्यात जातं, असं तुमचं म्हणणं?" दिनकररावांचा आवाज थंड झाला. "सुनेत्राबाई, साठ वर्षांत माझ्या हातून श्रीशिवाय पत्र गेलेलं नाही. आयकर खात्यालाही नाही."

पुष्कर म्हणाला, "काका, स्पॅम फिल्टरला श्री कळत नाही हो."

"मग फिल्टर बदला."

"तो आपला नाहीये, काका. तो त्यांचा आहे. यमुनेपलीकडे."

दिनकररावांनी पिशवीकडे हात नेला. घटना निघणार, मग दुपार गेली. सुनेत्राबाईंनी पटकन टेबलावरचं एक जुनं टपालाचं पाकीट त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

"काका, यावर तुम्ही श्री कुठं लिहिता?"

"पाकिटावर? पाकिटावर कशाला लिहीन?"

"मग?"

"पाकिटावर पत्ता असतो. श्री आतल्या कागदावर. हे काय विचारणं झालं?"

"ती वरची चौकट पाकीट आहे, काका. आत यायच्या आधी पोस्टमन ती वाचतो. कागद खाली सुरू होतो."

दिनकररावांनी चष्मा सारखा केला. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. एवढा वेळ लागला, की पुष्करनं दोनदा घड्याळ पाहिलं. "म्हणजे," अखेर ते म्हणाले, "इतकी वर्षं मी पाकिटावर श्री घालत होतो?"

"हो."

"चूक होती. लेखी नोंद करा."

एवढं झाल्यावरही दिनकररावांनी नवं पत्र टाइप केलं तेव्हा बोटं सवयीनं वर गेली आणि पहिल्या चौकटीत श्री उमटला. त्यांनीच तो पाहिला, आणि त्यांचा चेहरा अगदी पडला. "माझ्याच्यानं होणार नाही हे, सुनेत्राबाई. साठ वर्षांची बोटं आहेत."

"तुम्ही घाला श्री जिथं घालता तिथंच," बाई म्हणाल्या. "पुढचं मी बघते."

आणि त्यांनी सर्व्हरला एक नियम शिकवला. बाहेर जाणाऱ्या पत्राच्या वरच्या चौकटीत श्री दिसला, की तो उचलून आतल्या कागदाच्या माथ्यावर ठेवायचा आणि आतली 'विषय'ची ओळ वर चौकटीत आणायची. पहिल्या प्रयोगात पत्रं थेट परत आली. 'शिक्का फुटलेला आहे,' असं समोरचे सर्व्हर म्हणत होते. बाईंनी कपाळावर हात मारला. सर्व्हर आधी लाखेचा शिक्का मारत होता आणि मग पाकीट उघडून श्री हलवत होता! त्यांनी क्रम बदलला. आधी श्री, मग शिक्का. अरुणाला पत्र गेलं. पानिपतहून उत्तर आलं, "वहिनी, हे वेगळं आलं! वर 'वसतिगृह प्रवेश' लिहिलंय. पण मी या वयात कुठं वसतिगृहात येऊ?"

पंचवीस जूनला सकाळी अकरा वाजता अठराच्या अठरा पत्रं पुन्हा निघाली. दुपारपर्यंत त्या बंद फोनवाल्या सहा जणींपैकी दोघींचे होकार आले. सव्वीसला आणखी तीन. सत्तावीसला दुपारी चारला यादीत सतरा नावांपुढे खूण होती आणि आरमोरीच्या शिवांगीपुढे नव्हती.

हॉलमध्ये सगळे जमले होते. दिनकररावांनी प्रतीक्षायादी बाहेर काढून टेबलावर पालथी ठेवली होती. उलटी ठेवली हीच त्यांची माया. पुष्कर गुरुग्रामहून मीटिंग सोडून आला होता, बँकेला सांगून की घरी इमर्जन्सी आहे. सुनेत्राबाई स्क्रीनसमोर ताठ बसल्या होत्या. चार वाजून चाळीस मिनिटं. चव्वेचाळीस. चार सत्तेचाळीसला स्क्रीनवर एक ओळ उमटली.

बाईंनी मोठ्यानं वाचलं. "आदरणीय काकू, ताईच्या लग्नात होते, फोन पाण्याच्या पिंपात पडला. आज दादाच्या मोबाइलवर मेल उघडलं तर सगळ्यात वर तुमचंच पत्र होतं. मी येते आहे. जागा ठेवा. शिवांगी."

पुष्करनं तबल्यावर अशी थाप मारली की शाई निघाली असती. श्यामराव उठून उभे राहिले आणि कोणाशी हात मिळवावा हे न कळून त्यांनी सर्व्हरशीच मिळवला. दिनकररावांनी घड्याळात पाहिलं, तेरा मिनिटं शिल्लक आहेत याची नोंद केली आणि प्रतीक्षायादी परत पिशवीत घातली. मग घसा साफ केला.

"अभिनंदनाचा ठराव. चिटणीस सुनेत्राबाईंनी संस्थेच्या वास्तूत, यमुनेच्या अलीकडे, उत्तम टपालव्यवस्था उभी केल्याबद्दल. सूचक मी. अनुमोदक?"

"मी! मी!" पुष्कर ओरडला.

"एकदाच म्हणा. नोंदीत एकदाच जाईल."

"आणि हा ठराव सगळ्या सभासदांना मेलनं जाईल," सुनेत्राबाई म्हणाल्या. "आत्ता. चारशे बारा."

दिनकररावांनी ठराव टाइप केला, बाईंनी पाठवला. शनिवारी सकाळी त्या हॉलवर आल्या तेव्हा उत्तरं येऊन पडली होती. बहुतेक अभिनंदनाची. एक मात्र द्वारकेच्या एका सभासदाचं, जरा त्रासलेलं. "माननीय चिटणीस, आजकाल समाजाची पत्रं फार येतात. प्रत्येक पत्र समोर येतं, वाचावंच लागतं. कृपया जरा कमी पाठवावीत."

सुनेत्राबाईंनी अभिनंदनाची पत्रं नीट फायलीला लावली. तक्रारीचं पत्र त्यांनी छापून घेतलं, काच बसवून आणलं आणि मखराच्या खोलीत, सर्व्हरच्या बरोबर वर, खिळा ठोकून टांगलं.